चौथ्या पायरीवर

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली ती बोटभर खाली. दार सरकलं, माणसं बाहेर पडू लागली, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एक म्हातारी जराशी अडखळली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत पुढे गेली. त्याच्या मात्र लगेच लक्षात आलं, आणि ते डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळलं. उंबऱ्याची कड उजव्या चवड्याखाली आली आणि तिथून निघालेली कळ गुडघा, मांडी, पाठ करत थेट दातांपर्यंत पोचली. तळपायाची आग मस्तकाला जाणे हा वाक्प्रचार त्याने आयुष्यभर रागासाठी वापरला होता. शाळेत तर वाक्यात उपयोगही करून दाखवला होता. ज्याने कुणी तो पहिल्यांदा काढला त्याला राग-बिग काही आलेला नसणार, त्याचे तळवे सोललेले असणार, असं आता त्याला वाटलं. तो थांबला नाही. थांबणं, भिंतीला हात लावणं, तोंड वाकडं करणं, यातलं काहीच या दवाखान्यात करायचं नाही असं त्याने घरातून निघतानाच ठरवलं होतं. मागून बायको येत होती. तिने पाहिलं, आणि ती स्वतःच हळू चालायला लागली, म्हणजे त्याचं हळू चालणं तिच्या पायांमुळे आहे असं बघणाऱ्याला वाटावं.

ही लिफ्ट त्याच्या तपासणीत आली असती तर त्याने तिला आजच्या आज कुलूप लावलं असतं. तीस वर्षांवर त्याने हेच काम केलं होतं, शहरभर हिंडून लिफ्टा तपासायचं. वरच्या मशीनच्या खोलीत दोरांवरून चिंधी फिरवायची, एखादी तार तुटलेली असली की चिंधी तिथे अडकते. खाली खड्ड्यात उतरून टॉर्च मारायचा. आणि शेवटी रिकाम्या लिफ्टमध्ये बिडाची वजनं रचायची, माणसं मावतील त्याहून बरीच जास्त, आणि ब्रेक धरतो का ते बघायचं. या कामात तो यंत्रांपेक्षा माणसांविषयी जास्त शिकला. इमारतीतली माणसं तपासनिसाशी खोटं बोलतात. वाईट असतात म्हणून नव्हे. लिफ्ट बंद पडली तर सातव्या मजल्यावर म्हाताऱ्या आईला कोण चढवणार, म्हणून. “झकास चालते साहेब, कधी कुरकुर म्हणून नाही,” असं सांगणाऱ्या सेक्रेटरीच्या तोंडावरचं ते मनापासूनचं हसू त्याला पाठ झालं होतं. एका इमारतीत तर लिफ्ट चांगली चार बोटं खाली थांबायची, म्हणून त्या लोकांनी आत जाड पायपुसणी अंथरली होती, एकावर एक अशी तीन, नवीकोरी. त्याने ती पायाने बाजूला सारली तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, “पाहुण्यांसाठी आणली होती हो.” घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायको चहा सांडेपर्यंत हसली होती. ज्यांच्या हाताखाली तो तयार झाला ते जुने साहेब म्हणायचे, मालकाला विचारू नकोस, शाळेतून येणाऱ्या पोरांना विचार; पोरं लिफ्टची चहाडी करायला टपलेलीच असतात. त्याने ते शेवटच्या दिवसापर्यंत पाळलं. आता मात्र त्याच्या बुटांत, मोज्यांच्या आत, बायकोने कापून दिलेले फोमचे दोन तुकडे होते, एकावर एक, आणि त्याविषयी चहाडी करणारं कुणी नव्हतं.

कॅन्सरपायी डावं मूत्रपिंड काढलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हा सगळे म्हणाले होते, एकावर माणूस आरामात जगतो, आणि तो जगलाही. खड्ड्यात उतरला, शिड्या चढला, निवृत्तीचा हार गळ्यात घालून घरी आला. मग सकाळचा खोकला सुरू झाला. कोरडा, चिवट, दात घासताना सुरू होऊन पेपर वाचून होईपर्यंत चालणारा. फुप्फुसांत ठिपके होते, पाठीत एका मणक्याशी एक गाठ होती, आणि ही सगळी मूत्रपिंडातलीच पिलावळ होती, इतकी वर्षं कुठे दडून बसली होती कोण जाणे. आधी शिरेतून द्यायची इंजेक्शनं झाली. ती वर्षभर पुरली. मग गोळ्या झाल्या, त्या तेवढ्याही पुरल्या नाहीत. तेव्हा डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढून, त्याच्या बायकोकडे न बघता, त्याच्याकडेच बघत सांगितलं की बाजारात जे आहे ते संपलं. जे अजून बाजारात नाही ते एक आहे, त्याची चाचणी चालली आहे, आणि ती पहिल्याच टप्प्यात आहे. “तुम्हाला गुण येईल असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “या टप्प्यात आम्ही गुण बघतच नाही. माणसाला किती सोसवतं ते बघतो. तिघांना एक मात्रा द्यायची, चार आठवडे थांबायचं. तिघांनाही मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना जास्त मात्रा. एकाला झाला, तर वर चढायचं नाही, त्याच मात्रेवर आणखी तिघं. दुसऱ्याला झाला, की खाली उतरायचं. आत्ता आम्ही चौथ्या पायरीवर आहोत.” त्याला हे लगेच समजलं. इतके महिने डॉक्टरांच्या तोंडून जे जे ऐकलं होतं त्यात हे पहिलंच त्याच्या भाषेतलं होतं. “म्हणजे वजनं चढवत जायची,” तो म्हणाला, “आणि या खेपेला वजन मी.” डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “वजनाला बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला येतं. म्हणून तर तुम्ही हवे आहात. जे होईल ते सांगायचं, लहानातलं लहान.” सांगेन, असं तो म्हणाला, आणि तेव्हा तो खरंच बोलत होता.

पहिल्या दोन आठवड्यांत त्याने सांगितलंही. मळमळ किती, कधी, जेवणाआधी की नंतर; रक्तदाब किती चढला; जुलाब झाले तर ते कसे, हेसुद्धा त्याने आयुष्यभर अहवाल लिहिणाऱ्या माणसाच्या नेमकेपणाने सांगितलं. बोटांची कातडी गुळगुळीत झाली आणि फोनने त्याचा अंगठा ओळखायचं सोडलं, तर तेही हसत हसत सांगितलं. मग एका सकाळी दात घासून तो पेपर उघडून बसला आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसतीच उभी राहिली. “काय?” तो म्हणाला. “खोकला नाही आला तुम्हाला,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम खोल श्वास घेतला, छातीच्या पार तळाला पोचेल असा, आणि तो पोचला. खिडकी उघडून तो किती तरी वेळ नुसते श्वास घेत राहिला. त्याला जगायचं होतं. यात काही तत्त्वज्ञान नव्हतं, मागे राहिलेलं मोठं काम नव्हतं, कुणाचं लग्न बघायचं नव्हतं. त्याला सकाळी पेपर वाचायचा होता, बायकोशी फालतू गोष्टींवरून वाद घालायचे होते, आणि हे अजून पुष्कळ वर्षं करायचं होतं. त्याच आठवड्यात तळव्यांना मुंग्या आल्या, मग ते लाल झाले. सिस्टरने पाहिलं, मलम दिलं, सौम्य आहे म्हणाली. नंतर टाचांवर आणि चवड्यांवर, जिथे जिथे शरीराचा भार येतो तिथे तिथे, फोड धरले आणि एका दुपारी ते फुटले.

“सांगायचं नाही,” असं म्हणाली ती बायको. टबात थंड पाणी घेऊन त्याचे पाय त्यात सोडून ती समोरच्या स्टुलावर बसली होती. ती घरी पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून द्यायची, त्यामुळे फोमचे तुकडे घरात चिक्कार, आणि हातात कात्री होतीच. “सांगितलं की बंद करतील. बंद केलं की पुन्हा खोकला. मला तो खोकला पुन्हा ऐकायचा नाही.” तो म्हणाला, “ते विचारतात गं. तेच तर बघताहेत.” “विचारू देत. तिघं घेताहेत ना? बाकी दोघांचं ठीक आहे ना? मग एकाने तोंड मिटून घेतलं तर कुठलं आभाळ कोसळतंय?” आणि मग, त्याच्या पावलाचा आकार काढायला कागद पसरता पसरता, ती एकदम म्हणाली, “मला तुम्ही हवे आहात. मला त्यांची चाचणी नको आहे.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं वाक्य तिने याआधी कधी म्हटलं नव्हतं. त्याने पाय टबातून काढला आणि तिच्या कागदावर ठेवला. तेव्हापासून तो बाथरूमला तिच्या खांद्यावर हात ठेवून जात होता आणि दवाखान्यात मात्र ताठ चालायची तालीम करत होता, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बायको सोफ्यावर बसून सांगायची: डावा पाय फरपटतोय, आता बरं, आता तोंड हसरं ठेवा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. चालण्याचं सोंगही किती अवघड आहे हे म्हणणाऱ्याला माहीत नसावं.

सिस्टरची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. एवढ्या लांब का ठेवली होती देव जाणे; बहुधा मुद्दामच, येणारा माणूस कसा चालतो ते तिला दारातून दिसावं म्हणून. तीही दारातच उभी होती. तो चालत गेला. टाच टेकताना आतून काहीतरी सोलून निघतंय हे त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं आणि तरी त्याने मध्येच हात वर करून तिला नमस्कार केला. “या काका,” ती म्हणाली. वजन झालं, रक्तदाब झाला, रक्त काढून झालं. ती विचारत गेली, तो सांगत गेला. पोट? तोंड? झोप? हात? आणि शेवटी, टाइप करता करता, मान वर न करता, “पाय?” “तसेच,” तो म्हणाला. “दाखवा बघू.” “सिस्टर, हे मोजे चढवायला आम्हा नवराबायकोला मिळून अर्धी सकाळ लागते. मागच्या खेपेला बघितलेत ना तुम्ही? तसेच आहेत. लालसर. आत्ता तुमच्यादेखत चालत आलो की.” तिने घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या भरलेल्या बाकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “चालत आलात ते बघितलं मी,” ती म्हणाली. “खरं म्हणजे बघायला पाहिजे. पण बरं, तुमच्या शब्दावर लिहिते. तुमच्यासारखे सगळे असते ना काका, तर माझं अर्धं काम वाचलं असतं.” तो हसला. ते हसू तोंडावर येत असतानाच त्याने ओळखलं. मोकळं, मनापासूनचं, पाहुण्यांसाठी अंथरलेलं. “तिघांतले तुम्हीच शेवटचे राहिला होतात,” सिस्टर म्हणाली. “आज संध्याकाळी बैठक आहे. तुमचं हे गेलं की पाचवी पायरी उघडेल.”

बाहेर बाकावर बायको बसली होती. तिने नुसत्या भुवया उचलल्या, त्याने मान हलवली, आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरलेला त्याला लांबून दिसला. सुटलो. तो तिच्या शेजारी बसला आणि पाय हळूच पुढे सोडले. तेवढ्यात पलीकडून हाक आली, “दादा, काय? पास का?” ती बसवाली होती. शहर बसची ड्रायव्हर; मागे दोनदा इथेच भेट झाली होती. लहान चणीची, काटक बाई, ड्युटी संपवून आल्यामुळे अंगावर अजून गणवेशाचा कोट होता. तिचंही मूत्रपिंड काढलं होतं, तिचंही दुखणं परतून आलं होतं, तिचेही बाजारातले उपाय संपले होते. “पास,” तो म्हणाला. तिने मांडीवर एक थाप मारली. “मग आता माझा नंबर. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. पाचव्या पायरीवरची पहिली मी.” ती उठून त्यांच्या बाकावर येऊन बसली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, “वहिनी, खरं सांगू? मी नाहीच म्हणणार होते. घरी भाऊ म्हणाला, तू काय उंदीर आहेस का? मलाही पटलं. पण गेल्या खेपेला हे दादा त्या टोकापासून या टोकापर्यंत ताडताड चालत आले ना, ते बघितलं आणि म्हटलं, झालं तर. यांना जमतंय, मग मला काय धाड भरलीय? जाऊन सही ठोकली.”

तो म्हणाला, “आणि काम?” हा प्रश्न आपण का विचारतोय हे त्याला विचारेपर्यंत माहीत नव्हतं. “कामाचं काय? ते चालूच. डेपोत सांगून टाकलंय, गोळ्याच आहेत, सुट्टी नको. टेकडीचा मार्ग आहे माझा, तो कुणालाही देत नाहीत. आज सोडला तर परत मिळतोय होय?” त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. शाळकरी मुलीचे असावेत एवढे पाय, आणि त्यात पातळ, मऊ तळाचे काळे बूट. त्याची नजर तिने पकडली. “हे ना? जाड तळ मला चालत नाही,” ती म्हणाली. “ब्रेक पायाला कळला पाहिजे. उतारावर ब्रेक असा दाबायचा नसतो दादा, तो पायात धरून ठेवायचा असतो, खालपर्यंत.” आणि तिने फरशीवर चवडा टेकवून, सावकाश भार देत, दाखवलं.

भार. सगळं शेवटी भारावर येतं. आपल्यापेक्षा निम्म्या वजनाची बाई, आपल्यापेक्षा मोठी मात्रा, आणि त्या चवड्याखाली टेकडीचा उतार. त्याने स्वतःला समजावून पाहिलं. तिलाही सिस्टर तपासेल. तिचे पाय लाल झाले की ती सांगेल. सांगेल? दादा ताडताड चालत होते, मग आपल्यालाच हे का होतंय, आपणच नाजूक, असं म्हणून ती दात-ओठ खाईल, दोन मोजे घालेल, आणि डेपोत जाईल. त्याने जसं केलं तसंच करेल, उलट त्याच्याहून सरस करेल, कारण तिला धडा घालून द्यायला तो होता, त्याला तर कुणीच नव्हतं. आज संध्याकाळी एका खोलीत चार शहाणी माणसं बसतील, चौथी पायरी भक्कम आहे असं म्हणतील, आणि ती पायरी म्हणजे बायकोने कापलेला फोम असेल. तीस वर्षांत त्याने किती सेक्रेटऱ्यांची हजेरी घेतली होती. तुमच्या एका लिफ्टपायी माणसं मरतील, असं किती जणांना सुनावलं होतं. ते सगळे त्याच्याकडे बघून ओशाळं हसायचे, आणि त्यांना वरच्या मजल्यावरची म्हातारी आई दिसत असायची. आता त्याला कळत होतं त्यांना काय दिसायचं. त्याला सकाळची खिडकी दिसत होती. पार तळापर्यंत पोचणारा श्वास दिसत होता. तो श्वास त्याला हवा होता, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त हवा होता, आणि याची त्याला मुळीच लाज वाटत नव्हती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मात्र तितकंच खरं होतं. फक्त या खेपेला ते दुसऱ्याच्या अंगणात उजाडणार होतं.

तो उठला. “कुठे?” बायको म्हणाली. “एक सांगायचं राहिलं.” तिने त्याची बाही धरली. “अहो, घरी जाऊ या,” ती हळू म्हणाली, आणि मग आणखी हळू, “घरी जाऊ या ना.” बसवाली दोघांकडे बघत होती, तिला काही उमगत नव्हतं. तो बाही सोडवून घेणार नव्हता. तिने सोडली असती तरच तो गेला असता, आणि तिने सोडली नसती तर काय झालं असतं हे त्याला नंतरही कधी सांगता आलं नाही. ती बसवालीच्या त्या लहान बुटांकडे बघत राहिली, बराच वेळ, कापड कापण्याआधी बघावं तशी. मग तिची बोटं सुटली.

मोजा काढताना फोम कातडीला चिकटून आला. सिस्टर खाली गुडघ्यावर बसली होती. तिने दिवा जवळ ओढला. “चार दिवस झाले,” तो म्हणाला, आणि मग अहवाल द्यावा तसं सगळं सांगत गेला: फोड कधी आले, कधी फुटले, थंड पाण्याने किती वेळ बरं वाटतं, बाथरूमला कसा जातो, हॉलमध्ये तालीम कशी केली. “मघाशी खोटं बोललो. खोकला थांबला होता, म्हणून.” सिस्टरने दुसरा मोजा काढला. “मी तुमच्या शब्दावर लिहिलं होतं काका,” ती म्हणाली. तिने आवाजही चढवला नाही. त्याला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, “आणि मीही बघितलं नाही. ते माझ्याकडे लागलं,” आणि डॉक्टरबाईंना फोन लावला.

डॉक्टरबाई आल्या, वाकून दोन्ही पाय पाहिले, फोटो काढायला सांगितले. औषध आजपासून बंद. पाचवी पायरी आज उघडणार नाही. चौथीवरच आणखी तिघांना घ्यायचं, आणि त्यांचे पाय रोज बघायचे. “आणि मी?” त्याने विचारलं. “दोन आठवड्यांत कातडी भरून आली, तर एक पायरी खालच्या मात्रेवर तुम्हाला परत घेता येईल. नाही आली तर नाही.” “खालच्या मात्रेने खोकला थांबेल?” “मला माहीत नाही.” “तो औषधानेच थांबला होता ना?” “तेही स्कॅन होईपर्यंत मला माहीत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “माहीत असतं तर तुम्हाला कशाला छळलं असतं?” त्याने मान हलवली. हे उत्तर त्याला आवडलं नाही, पण ते सरळ होतं, आणि सरळ उत्तरावर काम करता येतं. त्याने आयुष्यभर तेच केलं होतं. “बरं,” तो म्हणाला. “दोन आठवड्यांत कातडी आणायची. त्यासाठी मी काय करायचं?” “काही करायचं नाही. चालायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खुर्ची मागवते.” एरवी चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं तरी तो खेकसला असता. आता तो म्हणाला, “आणा. आणि घरी एक देता येत असेल तर तीही द्या.”

पायांवर पातळ जाळीची पट्टी घालून सिस्टरने त्याला बाहेर आणलं तेव्हा बायको बाकावरून उठली. तिने आधी पट्ट्या पाहिल्या, मग त्याच्या मांडीवरचे बूट. “फोम चांगला नव्हता का?” तिने विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून तिने ते विचारलं होतं, आणि तिचा आवाज पार चिरकला. “चांगला होता गं,” तो म्हणाला. “फारच चांगला होता.” तिने बूट त्याच्या मांडीवरून उचलून पिशवीत टाकले. तिचे डोळे भरून आले होते, पण रडायचं ते घरी, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. “दोन आठवडे आहेत आपल्याकडे,” तो म्हणाला. “मला बघायचंच आहे, कातडी कशी येत नाही ती.” “जमिनीला पाय लावून तर बघा,” बायको म्हणाली, आणि नाक पुसून तिने खुर्चीच्या मुठी हातात घेतल्या.

बसवाली जवळ येऊन उभी राहिली होती. “ताई,” तो म्हणाला, “गेल्या खेपेचं ताडताड चालणं खरं होतं. आज नाटक करत होतो. तुम्ही माझं चालणं बघून सही केलीत, तेव्हा आता हे बघा.” सिस्टर काहीतरी म्हणणार होती, पण तोवर त्याने वाकून जाळी वर केली होती. बसवालीने तोंड फिरवलं नाही. ती उकिडवी बसली आणि पंक्चर झालेल्या चाकाकडे बघावं तसं दोन्ही तळव्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. “आज मला दिलं ना, तर मी आजही घेईन,” तो म्हणाला. “पण हे असं होतं. तुम्हाला होईलच असं नाही. मला झालं.” तिने स्वतःचा चवडा बुटाच्या आत हलवून पाहिला, वरचं पातळ कातडं हललेलं दिसलं.

“यावर ब्रेक धरता येईल?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

टेकडीचा मार्ग, डेपो, तो मार्ग आता कुणाला मिळेल ते नाव, हे सगळं तिच्या तोंडावरून जाताना त्याला दिसलं, आणि त्याने ते पुसायचा प्रयत्न केला नाही. मग तिने जाळी पुन्हा नीट पायावर घातली, उठली, आणि बायकोच्या हातून खुर्ची आपल्याकडे घेतली.

“मग रजा टाकते,” ती सिस्टरला म्हणाली. “चौथीवर तर चौथीवर. माझं नाव ठेवा.”